चार कार्डांचा कळप

पिशोरच्या कडूबाची आणि क्रेडिट कार्डाची पहिली भेट झाली, त्या दिवशी बजाजनगरात काय काय घडलं ते तिथले लोक अजून सांगतात आणि दर वेळी त्यात पदरची थोडी भर घालतात. कडूबाच्या खाणावळीत त्याची बायको पुतळाबाई आमटीच्या भल्यामोठ्या पातेल्यात लाल मिरचीची फोडणी देत होती. नेमका त्याच वेळी गळ्यात टाय, बगलेत फाइल आणि अंगावर अत्तराचा फवारा अशा थाटात बद्रीनाथ नावाचा तरुण दारातून आत आला आणि "नमस्कार सर" यातलं "नम" एवढंच म्हणून शिंकला. ती शिंक म्हणे अशी होती, की चौकातला लाल सिग्नल घाबरून हिरवा झाला, शेजारच्या तीन कंपन्यांचे भोंगे शिफ्ट सुटायच्या आधीच वाजले आणि वाळूजकडं निघालेली एक रिक्षा प्रवाशांसकट तोंड फिरवून शहराकडं पळाली. दुसऱ्या शिंकेला फाइल उडाली. तिसऱ्या शिंकेला तिच्यातून सोनेरी रंगाचा एक चकचकीत तुकडा सुटला, त्यानं हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि कडूबानं मळून ठेवलेल्या कणकेच्या डोंगरावर, अगदी शिखरावर, तो उभा रुतला.

"हे काय हाय?" कडूबानं विचारलं.

"क्रेडिट कार्ड, सर," बद्रीनाथ डोळे पुसत म्हणाला. "नमुना आहे. आज माल घ्या, पैसे पन्नास दिवसांनी भरा. व्याज शून्य."

"आन मधल्या काळात कोणी दारात येऊन बसणार नाय?"

"छे हो सर! फक्त तारीख चुकवायची नाही."

"चुकली तर?"

यावर बद्रीनाथ चौथ्यांदा शिंकला. बँकेच्या माणसानं आपल्याला दिलेलं ते सगळ्यात खरं उत्तर होतं, असं कडूबा पुढं सांगत असे. पण त्या दिवशी ते त्याला कळलं नाही. त्यानं कणीक लागलेल्या हातानं सही केली.

सही करण्याचं कारण साधं होतं. कडूबाचा बाप मल्हारराव पिशोरच्या डोंगराकडेनं मेंढरं राखायचा. कडूबाही पोरवयात त्यांच्याच मागं फिरला. मग वाळूजला हेल्पर म्हणून आला, आणि यंत्रापेक्षा यंत्राजवळच्या भुकेल्या माणसांकडं त्याचं लक्ष जास्त गेल्यामुळं खाणावळवाला झाला. नटबोल्ट बनवणाऱ्या एका कंपनीत दुपारचं जेवण पुरवायचं कंत्राट त्याला मिळालं होतं. अडचण एकच होती. कंपनीतल्या कामगारांना भूक रोज बारा वाजता लागायची आणि कंपनीला पैसे देण्याची इच्छा तीन महिन्यांतून एकदा व्हायची. करारात मात्र स्पष्ट लिहिलेलं, की जेवण एक दिवस जरी चुकलं तर कंत्राट रद्द. म्हणजे मोंढ्याच्या घाऊक बाजारातला किराणा आज, कामगारांचं जेवण उद्या आणि पैसे देवाच्या मनात येतील तेव्हा. मधली खिंड आजवर पुतळाबाईच्या पाटल्यांनी लढवली होती. त्या पाटल्या गहाण पडून इतक्यांदा सुटल्या होत्या, की सोनं तारण ठेवणाऱ्या दुकानातला शिपाई पुतळाबाईला "या माहेरवाशीण" म्हणून खुर्ची द्यायचा.

कार्ड आलं आणि पाटल्या हातात राहिल्या. मग कडूबानं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, चौथं घेतलं. काही बँका बिल औरंगाबादला पाठवत, काही संभाजीनगरला. कडूबाला दोन्हीकडचं बिनचूक मिळायचं.

आता चार कार्डं सांभाळायची म्हणजे हिशेबी डोकं लागतं, असं शिकलेल्या माणसांना वाटतं. कडूबाला तसं काही वाटलं नाही. त्यानं कार्डांच्या रंगांवरून त्यांना मेंढ्यांची नावं ठेवली. सोनेरी ती पिवळी, काळं ती काळी, राखाडी ती भुरी, आणि अर्धं पांढरं अर्धं निळं होतं ती बांडी. त्याच्या बापाचा नियम होता, की एका रानात कळप मुळापर्यंत चारायचा नाही. चारला की हलवायचा, गवत परत फुटलं की परत यायचं. कडूबानं तोच नियम बँकांना लावला. ज्या कार्डाचं बिल निघालं, त्याचं रान दुसऱ्या दिवसापासून मोकळं, कारण नवी खरेदी पुढच्या बिलात जाई. ते सदऱ्याच्या उजव्या खिशात येई आणि मोंढ्यात चरायला लागे. थोडं चरून झालं की डाव्या खिशात, रवंथ करायला. कंपनीचा चेक आला की ज्याची तारीख जवळ त्याचं पोट आधी भरायचं. मोंढ्यातले शेटजी कार्डावर दोन टक्के जास्त लावायचे, तो कडूबाच्या मते वाटेतला लांडगा होता. एखाददुसरं कोकरू त्याला द्यावंच लागतं.

मल्हारराव अधूनमधून पिशोरहून फोनवर चौकशी करायचे.

"किती झाल्या रे मेंढ्या?"

"चार, आबा."

"खातात काय?"

"किराणा."

"आन देतात काय?"

"वेळ देतात, आबा. पैसे यायला लागतो तेवढा वेळ."

 मग म्हातारा म्हणायचा, "दूध नाय, लोकर नाय, लेंडी नाय. पोरा, ही जात काय आपल्याकडची दिसंना."

तरी दोन वर्षं हा कळप न खोकता चालला. बद्रीनाथ तर रोज दुपारी जेवायला येऊ लागला आणि इतर गिऱ्हाइकांना "आमचे कडूबा सर" म्हणून त्याचे दाखले देऊ लागला. आणि मग अधिक श्रावण आला.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, हे कोणालाच चुकत नाही. कडूबाच्या आशाचं लग्न आदल्याच वर्षी हर्सूलच्या नानासाहेबाशी झालं होतं. नानासाहेब दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला होता. पोरगा स्वभावानं चांगला, फक्त कोणतीही नवी वस्तू दिसली की त्याच्या चेहऱ्यावर देवदर्शनाचा भाव यायचा. त्याच्यासाठी कडूबानं चांदीचं निरांजन आणलं, कपडे आणले. भुरीला त्यात जरा ठेच लागली, पण ती चालती राहिली. आदल्या दिवशी पिशोरहून मल्हारराव आले, त्यांनी सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "मेंढी कुठं हाय?"

त्यांच्या घराण्याची ती रीत होती. पहिल्या धोंड्यात जावयाला एक मेंढी द्यायची. सासऱ्यानं म्हणायचं, "ही तुमची." जावयानं मेंढीचा कान धरायचा आणि म्हणायचं, "तुमच्यातच चरू द्या." एवढं झालं की मेंढी परत कळपात. गेल्या चार पिढ्यांत त्या घराण्यानं जावयांना शेकड्यानं मेंढ्या दिल्या होत्या आणि त्यातली एकही जागची हलली नव्हती.

"आबा, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो," कडूबा म्हणाला. "इथं मेंढी चढवली तर खालचा घरमालक आपल्याला उतरवंल."

"मंग कान कशाचा धरायचा जावयानं? तुझा?"

कडूबानं विचार केला. विचार करताना त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला. पुतळाबाईनं तो हात पाहिला.

"आवं, नगा," ती म्हणाली. "त्याला ठावं हाय का, परत द्यायची असती म्हून?"

"मेंढरं राखणाऱ्याच्या घरातलं पोरगं हाय. रगतातच असतं ते."

"त्याच्या रगतात निस्ता मोबाइल हाय."

पण कडूबाला आपली कल्पना फार आवडली होती. रीतही राहत होती, घरमालकही राहत होता, आणि खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी नानासाहेब धोंडे खाऊन पाटावर पेंगत असताना कडूबानं ताटात पिवळी ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं आणि ताट पुढं केलं.

"जावईबापू, ही तुमची."

नानासाहेबानं कार्डाचा एक कोपरा दोन बोटांत धरला. कान म्हणून तो चालण्यासारखा होता. सगळे थांबले. आशा पदराआडून खुणा करत होती. मल्हाररावांचे ओठ हलत होते; "तु-म-च्या-त-च" असं ते मास्तर लहान पोराला सांगतात तसं नुसत्या तोंडानं सांगत होते. नानासाहेबाच्या चेहऱ्यावर देवदर्शनाचा भाव आला.

"मामा, एवढं कशाला केलं?" तो गहिवरून म्हणाला, आणि पिवळी सरळ खिशात घातली.

मल्हाररावांची काठी फरशीवर पडली. पडली की आपटली, यावर घरात मतभेद आहेत.

आता दिलेली वस्तू जावयाकडून, तीही धोंड्याच्या महिन्यात, परत कशी मागायची? बद्रीनाथनं सोपा उपाय सांगितला. "एक फोन करा सर, कार्ड बंद."

"आन तो दुकानात उभा असला तर?" कडूबा म्हणाला. "पिवळीनं भर बाजारात मान टाकली, तर पोरीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागंल, की तुझ्या बापानं मेलेली मेंढी दिली."

मग पिवळी चरायला लागली. तिचं प्रत्येक तोंड मारणं कडूबाच्या फोनवर टुण्ण करून यायचं. आधी बूट आले. मग पिझ्झा. मग गाडीचं सीट कव्हर, परत पिझ्झा, आणि चुलतभावाच्या मुलाच्या वाढदिवसाची सायकल. कडूबा कामगारांना वाढताना टुण्ण झालं की त्याचा डाव हवेत थबकायचा आणि समोरच्याच्या ताटात भाजी अर्धीच पडायची. कामगारांनाही ते कळायला लागलं. "मामा, पाव्हणं आज कुठं हायत?" असं ते रांगेतून विचारायचे.

एका दुपारी नानासाहेबाचा फोन आला.

"मामा, तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल बघा."

"आला, जावईबापू."

"सांगा की."

कडूबानं आकडे सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा तो स्वतःची दाढ उपटून दिल्यासारखा देत होता. पाच आकडे दिले आणि त्याचं धैर्य संपलं.

"शेवटचा, मामा?"

"दिसंना बापू. आमटीची वाफ बसली."

"मामा, लवकर! त्याची वेळ संपते. मोबाइलची ऑफर आजच आहे."

शेजारी उभ्या असलेल्या पुतळाबाईनं कपाळावर हात मारला. कडूबानं डोळे मिटले आणि म्हणाला, "नऊ."

त्या एका नवावर पिवळीचं सगळं रान साफ झालं. इकडं कंपनीचा चेक लांबला होता. काळी आधीच पोटभर चरलेली, भुरी आणि बांडीच्या तारखा डोक्यावर. महिनाअखेरचा किराणा भरायचा होता तो पिवळीच्याच जिवावर.

शेवटी मल्हाररावांनीच मार्ग काढला. त्यांना कार्ड कळत नव्हतं, पण रीत कळत होती. जावयाकडं गेलेली मेंढी लोकरीच्या पहिल्या कातरणीला माहेरी येते, असा नियम होता. निदान त्या क्षणापासून होता. त्यांनी पिशोरहून थेट नानासाहेबाला फोन लावला. "पाव्हणं, कातरणी आली. मेंढी घिऊन या."

नानासाहेबाला काहीच कळेना. त्यानं आईला विचारलं, आणि त्या माउलीनं कपाळ बडवून घेत त्याला सगळी रीत सांगितली. दुसऱ्याच दिवशी तो बजाजनगरला हजर झाला. आईनं कार्डाला लोकरीचा लाल गोंडा चिकटवून पाठवला होता.

"मामा, मला कोणी सांगितलंच नाही हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला वाटलं, हल्ली अशीच पद्धत आहे. मी हप्त्याहप्त्यानं सगळं देतो."

"द्या सावकाश," कडूबा म्हणाला. जावयाला याहून जास्त बोलता येत नाही. त्यानं पिवळी हातात घेतली. कातरायला तिच्या अंगावर काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोंढ्यात गेला. खाणावळीत त्या दिवसापुरतं धान्य होतं, उद्याचं नव्हतं. शेटजींनी गोंड्याकडं संशयानं पाहत कार्ड मशीनला लावलं.

"कडूबाभाऊ, मशीन ना बोल रही है."

"काळी डालो."

"ये भी ना."

भुरी झाली, बांडी झाली. चारही मेंढ्यांनी ओळीनं मान टाकली. "उधार देता का शेटजी? चार दिस?" कडूबानं विचारलं. शेटजींनी गल्ल्यावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटीवर काय लिहिलं होतं ते मोंढ्यात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं.

उद्या बारा वाजता अडीचशे माणसं ताट घेऊन उभी राहणार, ताटात काही नसणार, आणि कंत्राट जाणार. कडूबा तिथून सरळ कंपनीच्या हिशेब खात्यात गेला. हिशेब खात्याचे प्रमुख तात्यासाहेब हे एक थंड, गुळगुळीत गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर पंखा बिलांच्या गठ्ठ्यावर सोडलेला असायचा आणि बिलं फडफडायची, तेवढीच त्या बिलांची हालचाल.

"साहेब, आपलं बिल?"

"प्रोसेसमध्ये आहे."

"तीन महिने झाले साहेब."

"प्रोसेस मोठी आहे."

"आन उद्याचं जेवण?"

"ते मात्र वेळेवर पाहिजे," तात्यासाहेब म्हणाले, आणि खिशातून पाकीट काढून चहावाल्याला पैसे द्यायला लागले.

पाकीट उघडलं आणि कडूबाला आत हिरवंगार रान दिसलं. एक जाड, काळंभोर, चांदीच्या कडांचं कार्ड होतं. तात्यासाहेब जेवताना नेहमी कार्डाच्या पॉइंटांविषयी बोलत, हे त्याला आठवलं. पॉइंटांवर त्यांनी मिक्सर आणला होता, इस्त्री आणली होती आणि मेहुणीला दिलेला टोस्टरही त्यातलाच होता.

"साहेब," कडूबा खुर्ची जवळ ओढत म्हणाला, "अडीचशे माणसांच्या महिन्याच्या किराण्यावर किती पॉइंट पडत असतील हो?"

तात्यासाहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"म्हणजे?"

"कार्ड तुमचं, किराणा माझा. कंपनीचा चेक आला की दुसऱ्या दिवशी तुमचे पैसे तुमच्या हातात. पॉइंट मातर सगळे तुमचे."

तात्यासाहेबांनी मनातल्या मनात गुणाकार केला. त्यांच्या कपाळावर आधी आठ्या आल्या, मग त्या विरल्या, मग त्यांच्या नजरेसमोर बहुधा फ्रिज उभा राहिला. त्यांनी मोटारीची किल्ली उचलली. मोंढ्यात शेटजींच्या मशीननं ते कार्ड लागताच असा गोड आवाज काढला, की शेटजी उठून उभे राहिले. मेंढ्यांच्या कळपात एडका आला होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता अडीचशे ताटं वेळेवर भरली.

खरी गंमत पुढं झाली. तीनएक आठवड्यांनी तात्यासाहेब स्वतः भटारखान्यात आले. घाम आलेला होता, आणि तो चुलीचा नव्हता.

"कडूबा, माझ्या कार्डाची तारीख आली. घरून विचारणा होतेय. पैशांचं काय?"

"कंपनीकडून आले की देतोच साहेब."

"अरे पण कधी येणार?"

कडूबानं आमटी ढवळली, चव घेतली, मीठ टाकलं आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "प्रोसेसमधी हाय साहेब."

त्यानंतर त्या कंपनीत जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. बिलांवरचा पंखा बंद झाला. तात्यासाहेब कडूबाची फाइल छातीशी धरून एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडं धावले, सहीसाठी मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले, आणि तीन महिन्यांची प्रोसेस दोन दिवसांत आटोपली. कडूबानं आधी तात्यासाहेबांचे पैसे चुकते केले, मग काळी, भुरी, बांडी, आणि उरलेल्यातून पिवळीच्या तोंडापुढं मूठभर टाकले. पुढल्या महिन्यापासून तात्यासाहेब स्वतःच विचारायला लागले, "काय कडूबा, मोंढ्यात कधी निघायचं?" आणि कंपनीचा चेक, कोणाला कारण कळलं नाही, दर महिन्याला तात्यासाहेबांच्या तारखेच्या आदल्या दिवशी निघू लागला. चारही मेंढ्या डाव्या खिशात रवंथ करत पडून राहिल्या. बद्रीनाथ दुपारी जेवता जेवता खिन्न व्हायचा.

"सर, बँकेला तुमची काळजी वाटतेय. तुम्ही काही वापरतच नाही."

"बँकेला म्हणा, माजी काळजी करायला आता साहेब हायत," कडूबा त्याला भाकरी वाढत म्हणायचा.

मार्चमध्ये ऑडिटर आले. त्यांनी कडूबाच्या खाणावळीत दोनदा आमटी मागून घेतली, जेवण उत्तम असल्याचं सांगितलं, आणि दुपारनंतर विचारलं, की कंत्राटदाराची तूरडाळ हिशेबप्रमुखांच्या खासगी कार्डावर का खरेदी होते. तात्यासाहेबांनी पॉइंटांविषयी सांगायला सुरुवात केली, आणि ऑडिटरांनी ते लिहून घेतलं.

एप्रिलपासून कंपनीनं स्वतःचं कॅन्टीन सुरू केलं आणि कडूबाचं कंत्राट संपलं. तो आणि पुतळाबाई आता त्या कॅन्टीनमध्येच नोकरीला आहेत. पगार महिन्याच्या सात तारखेला बँकेत जमा होतो, आणि मधली खिंड लढवायला आता मेंढ्या लागत नाहीत.